वॉर्डात नव्याने रुजू होणाऱ्या परिचारिकांसाठी: पहिल्या काही महिन्यांचे मार्गदर्शन

जीएनएम (परिचर्येची पदविका) किंवा बीएससी नर्सिंगच्या शिक्षणकाळात विद्यार्थिनीकडे दोन-तीन रुग्ण सोपवलेले असतात आणि मागे पाठ्यनिर्देशिका, म्हणजे शिकवणाऱ्या परिचारिका, उभ्या असतात. नोकरी लागल्यानंतर मात्र त्याच विद्यार्थिनीच्या हाती एका रात्रीत अख्ख्या वॉर्डाच्या किल्ल्या येतात. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार सर्वसाधारण वॉर्डात शिक्षण रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी, शिवाय रजा लक्षात घेऊन तीस टक्के राखीव मनुष्यबळ असावे. हा निकष बऱ्याच ठिकाणी कागदावरच राहतो, आणि तीस-चाळीस खाटांचा वॉर्ड दोघींनी सांभाळण्याची वेळ नव्या परिचारिकेवर लवकरच येते. अशा वेळी पाठ्यपुस्तकातले ज्ञान कमी पडते असे क्वचितच घडते. अडचण होते ती कामाचा क्रम न ठरल्यामुळे, मध्येच येणाऱ्या व्यत्ययांमुळे आणि वेळेवर न लिहिलेल्या गोष्टींमुळे. पुढील मार्गदर्शन महाराष्ट्रातील सरकारी, महापालिकेच्या आणि खासगी रुग्णालयांत रुजू होणाऱ्या परिचारिका व परिचारक अशा दोघांसाठी असून, ज्या क्रमाने हे प्रश्न समोर येतात त्याच क्रमाने ते मांडले आहेत.

रुजू होण्यापूर्वी

महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडील नोंदणी हातात आल्याशिवाय स्टाफ नर्स म्हणून काम सुरू करू नये. "निकाल लागला आहे, नोंदणी नंतर करू" असे सांगून कामावर घेणाऱ्या संस्था असतात, परंतु काही अघटित घडल्यास प्रश्न त्या संस्थेला विचारण्याआधी तुम्हाला विचारला जाईल. मूळ प्रमाणपत्रे कोणाच्याही ताब्यात देऊ नयेत. ती पडताळणीसाठी दाखवावीत आणि साक्षांकित प्रती द्याव्यात. नेमणूकपत्रात पगार, नोटिशीचा कालावधी, साप्ताहिक सुट्टी आणि रात्रपाळीची पद्धत लिहिली आहे का ते वाचावे व समजले नाही तर सही करण्यापूर्वी विचारावे. पगाराबाबत एक संदर्भ माहीत असलेला बरा: सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ मधील निर्देशानंतर केंद्र सरकारने नेमलेल्या समितीने, पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला दरमहा किमान २०,००० रुपये मिळावेत आणि दोनशेहून अधिक खाटांच्या रुग्णालयात राज्य सरकारी परिचारिकेइतके वेतन असावे, अशी शिफारस केली होती. ती सर्वत्र अमलात आलेली नाही, तरीही वाटाघाटीत तिचा उल्लेख करता येतो.

हेपॅटायटिस बी लसीचे तीन डोस, म्हणजे पहिला, त्यानंतर एक महिन्याने दुसरा आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा, पूर्ण झालेले असावेत. तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी प्रतिपिंडांची तपासणी करून ती पातळी १० mIU/mL किंवा त्याहून अधिक असल्याची खात्री करावी आणि तो अहवाल जपून ठेवावा. लस घेतली की काम झाले असे समजून ही तपासणी बहुतेक जण करतच नाहीत.

पहिला आठवडा: रुग्णांआधी वॉर्ड समजून घ्यावा

पहिल्या दिवशी परिसेविकेची, म्हणजे वॉर्डाच्या प्रमुख सिस्टरची, परवानगी घेऊन इमर्जन्सी ट्रे स्वतःच्या हाताने उघडून पाहावा. अॅड्रेनॅलिन आणि अॅट्रोपीनच्या अॅम्प्यूल कोणत्या कप्प्यात आहेत, लॅरिंगोस्कोपचा दिवा लागतो का, अँब्यू बॅगला (हाताने दाबून श्वास देण्याच्या पिशवीला) मास्क जोडलेला आहे का, सक्शन मशीन खरोखर ओढते का आणि ऑक्सिजन सिलिंडरची किल्ली कुठे टांगलेली असते, हे सर्व शांत वेळी पाहून ठेवावे. धावपळीत नव्या व्यक्तीचा वेळ औषध देण्यापेक्षा ते शोधण्यात जास्त जातो.

रुग्णाला स्कॅनसाठी किंवा दुसऱ्या विभागात नेताना ऑक्सिजनचे गणित आधी करावे. भरलेल्या बी टाईप सिलिंडरमध्ये सुमारे १,५०० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला १० लिटर चालू असेल तर तो अडीच तास पुरतो, आणि काटा अर्ध्यावर असेल तर सव्वा तास. लिफ्टची वाट पाहणे आणि स्कॅनच्या दारात थांबणे त्यात धरावे लागते.

वॉर्डातील मावशी आणि मामा, म्हणजे मदतनीस कर्मचारी, यांची नावे पहिल्याच आठवड्यात पाठ करावीत व त्यांच्याशी आदराने बोलावे. पदाने त्या खालच्या असल्या तरी वीस वर्षे एकाच वॉर्डात काढलेल्या मावशींना कोणता रुग्ण बिघडत चालला आहे हे अनेकदा मॉनिटरच्या आधी कळते. "सिस्टर, त्या सात नंबरच्या आजोबांकडे जरा बघा" असे त्यांनी म्हटले की हातातले काम ठेवून जावे.

हँडओव्हर

हँडओव्हर टेबलाजवळ बसून घेऊ नये. प्रत्येक खाटेजवळ उभे राहून घ्यावा. सलाईनची जागा सुजली आहे का, बाटलीत किती उरले आहे, युरिन बॅगेत व ड्रेनमध्ये किती आणि कोणत्या रंगाचे आहे, पंपावरचा वेग केसपेपरवरील वेगाशी जुळतो का, हे डोळ्यांनी पाहावे. उपाशी ठेवलेले रुग्ण, औषधाची अॅलर्जी, यायचे राहिलेले रिपोर्ट, रक्तपेढीत राखून ठेवलेले रक्त आणि सकाळी शस्त्रक्रियेला जाणारे रुग्ण यांची चौकशी स्वतःहून करावी. "सगळे रूटीन आहे" एवढे सांगून जाणाऱ्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना "सिस्टर, फक्त सिरियस पेशंट एकदा दाखवून जाल का?" असे विचारण्यात कोणताही उद्धटपणा नाही. कुलूपबंद औषधे, किल्ल्या आणि उपकरणे यांची संख्या मोजल्याशिवाय वहीत सही करू नये, कारण सही झाल्यानंतर निघालेली तूट तुमच्या पाळीतली ठरते.

हँडओव्हर संपताच खिशातल्या छोट्या वहीत वेळेनुसार कामांची यादी करावी. श्वास, रक्तस्राव किंवा शुद्ध यांपैकी काही बिघडलेले रुग्ण प्रथम. त्यानंतर वेळेला बांधलेली कामे, म्हणजे जेवणापूर्वीचे इन्सुलिन, अँटिबायोटिक, शस्त्रक्रियेची तयारी. आणि मग उरलेले सर्व. या पहिल्या फेरीत श्वसनाचा वेग मात्र खरोखर मोजावा. बहुतेक टीपीआर चार्टवर (ताप, नाडी व श्वसन यांच्या तक्त्यावर) सगळ्या रुग्णांचा श्वसनदर २० लिहिलेला आढळतो आणि तो मोजलेला नसतो हे सर्वांना ठाऊक असते. पण रुग्ण बिघडू लागल्याची खूण बीपी घसरण्याच्या पुष्कळ आधी याच आकड्यात दिसते. घड्याळाकडे पाहून पूर्ण एक मिनिट छातीची हालचाल मोजण्याने कोणाचेही काम खोळंबत नाही.

औषधे देताना

योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ हे पाच नियम सर्वांनी पाठ केलेले असतात. ते मोडतात तरी कसे, हे पाहणे अधिक उपयोगाचे आहे. "तुम्ही सुमनबाई ना?" असा प्रश्न केला तर कमी ऐकू येणाऱ्या आजी मान हलवून होकार देतात. म्हणून "तुमचे पूर्ण नाव काय?" असे विचारावे आणि उत्तर केसपेपरवरील नाव व आंतररुग्ण क्रमांकाशी ताडून पाहावे. एकाच वॉर्डात एकाच नावाचे दोन रुग्ण असतील तर दोन्ही केसपेपरवर तसे ठळक लिहून ठेवावे. खाटेच्या क्रमांकावर तर कधीच विसंबू नये, कारण पंख्याखाली किंवा खिडकीजवळ जागा मिळावी म्हणून रुग्ण आपसात खाटा बदलतात.

काही औषधांच्या बाबतीत भारतातील परिस्थितीच चुकीला वाव देणारी आहे. इन्सुलिनच्या कुप्या आपल्याकडे दोन तीव्रतेच्या मिळतात, एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट आणि १०० युनिट. त्यांच्या सीरिंजही वेगळ्या असून ४० च्या सीरिंजचे टोपण लाल आणि १०० च्या सीरिंजचे नारिंगी असते. शंभरच्या कुपीतून चाळीसच्या सीरिंजने वीस रेषांपर्यंत इन्सुलिन भरल्यास रुग्णाला २० ऐवजी ५० युनिट जातात. कुपीवरील आकडा आणि सीरिंजवरील आकडा एकच आहे हे दर वेळी मोठ्याने वाचावे आणि दुसऱ्या परिचारिकेला दाखवावे. हेपॅरिनच्या ५ मिलिलिटरच्या कुपीतही एकूण ५,००० युनिटची आणि २५,००० युनिटची अशा दोन प्रकारांत पाचपट फरक असतो, आणि त्या शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात. पोटॅशियम क्लोराइडची १० मिलिलिटरची अॅम्प्यूल थेट शिरेतून कधीही द्यायची नसते. ती सलाईनमध्ये मिसळून, बाटली नीट हलवून, लेबल लावून, सावकाशच द्यावी लागते. ही अॅम्प्यूल डिस्टिल्ड वॉटरच्या अॅम्प्यूलसोबत एकाच ट्रेमध्ये दिसली तर ती तिथून वेगळी काढून परिसेविकेच्या लक्षात आणून द्यावी.

सलाईनच्या थेंबांचा हिशेब करताना आधी सेटच्या वेष्टनावर एका मिलिलिटरला किती थेंब आहेत ते वाचावे. २० थेंबांच्या सेटने ५०० मिलिलिटर सहा तासांत द्यायचे असल्यास मिनिटाला सुमारे २८ थेंब पडायला हवेत; १५ थेंबांच्या सेटने तेच काम २१ थेंबांत होते, आणि मायक्रो सेटला ६० थेंब असतात. रुग्णाने हात वाकवला की वेग बदलतो, त्यामुळे एकदा लावून विसरून जाणे चालत नाही. रक्त चढवताना पिशवीवरील क्रमांक, गट व रुग्णाची ओळख दोघींनी मिळून तपासावी, पहिली पंधरा मिनिटे रुग्णाजवळच थांबावे आणि पिशवी चार तासांच्या आत संपेल असे पाहावे.

दुसऱ्याने भरून ठेवलेले इंजेक्शन देऊ नये व आपण भरलेले कोणाला द्यायला सांगू नये. औषधे काढत असताना कोणी हाक मारली तर "दोन मिनिटांत येते" असे सांगून ते काम पुरे करावे, किंवा उठावेच लागले तर परतल्यावर पुन्हा पहिल्यापासून तपासावे. तरीही चूक झालीच, तर ती दडवण्यात गेलेला प्रत्येक क्षण रुग्णाला महाग पडतो. प्रथम रुग्णाची तपासणी, लगेच डॉक्टरांना फोन, मग परिसेविकेला कल्पना आणि त्यानंतर काय, किती व केव्हा दिले गेले याची जशीच्या तशी नोंद, हा क्रम पाळावा.

डॉक्टरांशी बोलणे आणि तोंडी आदेश

नव्या परिचारिका रात्री फोन करताना कचरतात, आणि मग "सर, पेशंट जरा बरा वाटत नाही" असे मोघम बोलतात, ज्याचे उत्तरही मोघमच मिळते. फोन करण्यापूर्वी केसपेपर समोर घ्यावा आणि कोण, काय घडले, आधी काय होते, आता काय हवे आहे, या क्रमाने बोलावे. उदाहरणार्थ: "सर, मेल सर्जिकल वॉर्डातून स्टाफ बोलते आहे. बेड चौदा, काल आतड्याचे ऑपरेशन झालेले पेशंट. तासाभरात पल्स ९२ वरून १२४ झाली आहे, बीपी ९० बाय ६०, ड्रेनमध्ये २०० मिली ताजे रक्त आहे. तुम्ही लगेच येऊन पाहावे." असे बोलल्यावर पलीकडची व्यक्ती सहसा झोपेत राहत नाही. ते आले नाहीत तर फोनची वेळ लिहावी, त्यांच्या वरच्या डॉक्टरांना फोन करावा आणि रात्रपाळीच्या पर्यवेक्षक सिस्टरांना कळवावे. ही तक्रार ठरत नाही, कामाचा पुढचा टप्पा ठरते.

फोनवर मिळालेला आदेश परत वाचून दाखवावा, शक्य असल्यास सोबतच्या परिचारिकेला ऐकवावा, डॉक्टरांच्या नावासह व वेळेसह लिहावा आणि ते राउंडला आले की त्यावर सही घ्यावी. "पंधरा" आणि "पन्नास" हे आकडे इंग्रजीत फोनवर फार सारखे ऐकू येतात, अशा वेळी "वन फाइव्ह की फाइव्ह झीरो?" असे सुटे अंक विचारावेत.

सुई टोचल्यास

बहुतेक सुया टोपण परत बसवताना किंवा दुसऱ्याने भलत्याच ठिकाणी टाकलेली सुई उचलताना टोचतात. वापरलेल्या सुईला टोपण लावूच नये. ती खाटेजवळ नेलेल्या, छिद्र न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात तिथल्या तिथे टाकावी. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे रक्ताने भिजलेले ड्रेसिंग पिवळ्या पिशवीत, सलाईन सेट, कॅथेटर व हातमोजे लाल पिशवीत आणि काचेच्या कुप्या निळ्या खुणेच्या डब्यात जातात. ही वर्गवारी चुकली तर पुढे पिशवी उचलणाऱ्या मामांचा हात रक्तबंबाळ होतो.

सुई टोचलीच, तर ती जागा साबणाने आणि वाहत्या पाण्याने धुवावी. बोट दाबून रक्त काढू नये, तोंडात घालू नये, त्यावर स्पिरिट किंवा ब्लीच ओतू नये. डोळ्यात रक्त उडाले असल्यास भरपूर पाण्याने धुवावे. त्यानंतर पाळी संपण्याची वाट न पाहता अपघात विभागात किंवा एआरटी केंद्रात (एचआयव्ही उपचार केंद्रात) जावे, घटनेची नोंद करून घ्यावी, आणि रुग्णाच्या रक्ताची एचआयव्ही, हेपॅटायटिस बी व सी यांसाठी तपासणी होईल असे पाहावे. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधे लागणार असतील तर ती शक्यतो दोन तासांच्या आत सुरू व्हावीत. ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग उरत नाही. ही औषधे २८ दिवस चालतात. स्वतःचे रक्त त्याच दिवशी आणि पुढे सहा आठवडे, तीन महिने व सहा महिने झाल्यावर तपासावे.

एचआयव्ही असलेल्या रुग्णाची सुई टोचल्यास संसर्गाची शक्यता साधारण ०.३ टक्के, म्हणजे हजारात तीन असते. लस न घेतलेल्या व्यक्तीला हेपॅटायटिस बी होण्याची शक्यता मात्र तीस टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. हे आकडे माहीत असले की एचआयव्हीची भीती कमी होते आणि लसीचे महत्त्व वाढते. "निष्काळजी म्हणतील" या संकोचापायी नवी मुले-मुली ही घटना लपवतात. पण नोंदच नसेल तर पुढे संसर्ग कामावर झाला हे सिद्ध करणे जवळजवळ अशक्य होते.

नातेवाईक, राग आणि सुरक्षितता

वॉर्डात परिचारिका चोवीस तास दिसते आणि डॉक्टर राउंडपुरते, म्हणून डॉक्टरांवरचा, बिलावरचा, लिफ्ट बंद असल्याचा, सगळा राग परिचारिकेवर निघतो. यातील बराचसा राग माहिती न मिळाल्याचा असतो. आजाराचे निदान आणि पुढचे भवितव्य सांगणे हे डॉक्टरांचे काम आहे, परंतु "मला माहीत नाही" म्हणून पाठ फिरवण्याऐवजी "साहेब अकराच्या राउंडला येतील, तेव्हा घरातल्या एकाने इथे थांबा, मी तुमची गाठ घालून देते" असे सांगता येते आणि सांगितलेले पाळता येते. प्रत्येक रुग्णामागे एकच बोलणारा नातेवाईक ठरवून त्याचे नाव व फोन केसपेपरवर लिहावा, म्हणजे गावाकडून येणाऱ्या प्रत्येक काका-मामाला तीच हकिगत पुन्हा सांगावी लागत नाही. प्रकृती बिघडत असल्याची कल्पना डॉक्टरांकडून वेळेत दिली गेली व ती लिहून सही घेतली गेली, तर मृत्यूनंतरचा उद्रेक पुष्कळदा टळतो.

आवाज चढू लागला तर आपण खाली आवाजात बोलावे, दरवाजा आपल्या बाजूला राहील असे उभे राहावे, बंद खोलीत एकटीने चर्चा करू नये आणि सुरक्षारक्षकाला हाणामारी सुरू होण्यापूर्वी बोलवावे. महाराष्ट्रात २०१० च्या कायद्यानुसार वैद्यकीय सेवेतील व्यक्तींवर, म्हणजेच नोंदणीकृत परिचारिकांवरही, केलेला हल्ला दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा आहे. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कोलकात्यातील रुग्णालयात ऑगस्ट २०२४ मध्ये महिला डॉक्टरवर झालेल्या बलात्कार व हत्येच्या घटनेनंतर केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने, हल्ला झाल्यास सहा तासांच्या आत संस्थाप्रमुखाने गुन्हा नोंदवावा असे निर्देश सरकारी रुग्णालयांना दिले. त्यामुळे "जाऊ दे, प्रकरण वाढवू नकोस" असा सल्ला मिळाला तरी लेखी अर्ज त्याच दिवशी द्यावा आणि त्याच्या प्रतीवर पोहोच घ्यावी.

रुग्णाने, नातेवाइकाने किंवा सहकाऱ्याने केलेला अश्लील स्पर्श वा शेरेबाजी हा कामाचा भाग नाही. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक संस्थेत लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती असावी लागते आणि घटनेपासून तीन महिन्यांच्या आत तिच्याकडे लेखी तक्रार करता येते; समितीच्या सदस्यांची नावे रुजू होतानाच पाहून ठेवावीत. केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर १९७३ मध्ये तळघरात कपडे बदलत असताना हल्ला झाला होता. अजूनही अनेक रुग्णालयांत कपडे बदलण्याची खोली सर्वांत आडबाजूला असते. रात्री तिथे, किंवा भांडारात व रक्तपेढीत, जाताना सोबत घ्यावी, आणि दिवा वा कडी नसेल तर अधिसेविकांकडे (रुग्णालयातील परिचारिकांच्या प्रमुखांकडे) लेखी मागणी करावी. एकटीच्या मागणीपेक्षा पाच जणींच्या सह्यांचा अर्ज लवकर हलतो.

नोंदी

काम झाले की त्याच वेळी, चोवीस तासांच्या घड्याळाप्रमाणे वेळ घालून लिहावे. पाळी संपताना एकदम लिहिलेल्या नोंदीत सगळ्या वेळा गोल आकड्यांच्या येतात आणि तपासणाऱ्याला ते लगेच कळते. द्यायचे औषध दिल्याचे आधीच लिहून ठेवू नये. "रुग्णाची प्रकृती ठीक" याऐवजी "रुग्णाने अर्धी वाटी भात खाल्ला, पोटदुखी सांगत नाही" असे दिसलेले, ऐकलेले लिहावे. चूक झाल्यास एक रेघ मारून सही करावी. व्हाइटनर वापरू नये. मेडिकोलीगल, म्हणजे पोलिसांशी संबंधित, प्रकरणातील कपडे, गोळी किंवा इतर वस्तू नातेवाइकांच्या हाती न देता नियमाप्रमाणे सीलबंद करून पोलिसांकडे सोपवाव्यात व पावती घ्यावी.

रात्रपाळी आणि स्वतःचे शरीर

रात्रपाळीला जाण्यापूर्वी दुपारी दीड-दोन तास तरी झोपावे, मध्यरात्रीनंतर जड जेवण टाळावे, आणि सकाळी डोळे मिटत असतील तर दुचाकी तिथेच ठेवून बसने जावे. पहाटे तीन ते पाच या वेळेत औषधांचे हिशेब शक्यतो दोघींनी मिळून करावेत. रुग्ण उचलताना मामांना हाक मारून ड्रॉशीटने (रुग्णाखाली अंथरलेल्या आडव्या चादरीने) सरकवावे. एकटीने ओढण्याच्या सवयीमुळे तिशीतच कंबर धरते. लघवी रोखून धरणे आणि पाणी न पिणे ही या व्यवसायातली सर्वांत जुनी वाईट सवय आहे, ती लागण्याआधीच सोबतीणीशी पाळी ठरवून घ्यावी.

फाइल

एक फाइल घरी ठेवावी. तीत नोंदणी प्रमाणपत्र, लसीचे व रक्ततपासणीचे अहवाल, दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोहोच आणि प्रशिक्षणांची प्रमाणपत्रे असावीत, कारण नोंदणीचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावे लागते आणि त्यासाठी सातत्यपूर्ण शिक्षणाचे १५० तास दाखवावे लागतात. ते शेवटच्या वर्षी एकदम जमत नाहीत. नोकरी सोडताना अनुभवपत्र रुग्णालयाच्या लेटरहेडवर, रुजू झाल्याची व सोडल्याची तारीख, विभागाचे नाव आणि रुग्णालयाच्या खाटांची संख्या यांसह मागून घ्यावे. पुढच्या नोकरीत, विशेषतः आखाती देशांत किंवा युरोपात अर्ज करताना, हेच तपशील विचारले जातात आणि संस्था बंद पडल्यानंतर ते मिळवणे कठीण होते.